आधी पॅरिश, मग नाव: इंग्लंडमधल्या खेड्याचा आणि घराण्याचा इतिहास कसा शोधावा

शेफील्डहून नैर्ऋत्येला गाडी काढली की अर्ध्या तासात डर्बीशरचे डोंगर सुरू होतात आणि एका उतारावर दगडी घरांचं एक गाव लागतं. पाटीवरची अक्षरं जुळवून वाचली तर आपण म्हणतो ‘एयम’. गावातले लोक म्हणतात ‘ईम’. मी पहिल्यांदा गेले तेव्हा बसवाल्याला तीनदा ‘एयम’ सांगितलं, शेवटी मागच्या एका आजीबाईंनी माझ्या वतीने तिकीट मागितलं. इथल्या खेड्याचा इतिहास शोधणाऱ्याचा पहिला धडा बसमध्येच होतो: नाव लिहिलं जातं एक, बोललं जातं दुसरंच, आणि जुना कारकून कानावर पडेल तसं लिहून मोकळा होतो.

हा लेख लिहायचं कारण म्हणजे ओळखीतले मराठी लोक मला वरचेवर हेच विचारतात. कोणी खेड्यात जुनं घर घेतलेलं असतं आणि दारावरच्या दगडात कोरलेली दोन अक्षरं कोणाची हे त्यांना हवं असतं. कोणाची सून इंग्रज असते. नातवाला शाळेत वंशावळ काढायला सांगितलेली असते, मुलाकडच्या सात पिढ्या आजोबांना तोंडपाठ असतात, आणि सुनेकडे पणजोबांच्या मागे सगळा अंधार असतो. सगळे एकच करतात: पैसे भरून एखाद्या मोठ्या संकेतस्थळाचं सभासदत्व घेतात, नाव टाकतात, चारशे जॉन समोर येतात, आणि आठवड्याभरात नाद सुटतो.

मीही तेच केलं होतं. एक अख्खा हिवाळा मी एका जॉनच्या मागे गेले. बायकोचं नाव मेरी, धंदा खाणकामगार, वय जुळणारं. मार्चमध्ये कळलं की शेजारच्या पॅरिशमध्ये त्याच नावाचा, त्याच वयाचा, त्याच धंद्याचा चुलतभाऊ होता आणि त्याच्याही बायकोचं नाव मेरीच होतं. त्यामुळे आता मी सगळ्यांना उलटीकडून सुरू करायला सांगते. आधी पॅरिश समजून घ्या, माणूस मागाहून शोधा.

पॅरिश म्हणजे गाव नव्हे

पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख. त्या हद्दीत जो कोणी पीक काढी, मेंढ्या पाळी, त्याने उत्पन्नाचा दशमांश तिथल्या धर्मगुरूला द्यायचा. बदल्यात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन त्या चर्चमध्ये. सोळाव्या शतकापासून रस्त्यांची डागडुजी आणि गोरगरिबांचा सांभाळही पॅरिशच्याच गळ्यात पडला. म्हणजे चर्च, ग्रामपंचायत आणि तलाठ्याची चावडी असं सगळं एकात. हद्द कुठे संपते याला म्हणूनच इतकं महत्त्व. हद्दीच्या आत असाल तर द्यायचं आमच्याकडे, आणि उपाशी पडलात तर पोसायचंही आम्हीच.

एका पॅरिशमध्ये अनेक वाड्या असू शकतात. ईमच्या पॅरिशमध्ये फूलो होतं, ग्रिंडलफर्डच्या बाजूचा जंगलपट्टाही होता. उलट, ईमवरून खाली पाहिलं की दगड मारावा इतक्या जवळ दिसणारं स्टोनी मिडलटन मात्र हॅदरसेज पॅरिशचं उपचर्च होतं. तिथल्या माणसाचा शोध ईमच्या चर्चच्या नोंदवहीत घेत बसलात तर वर्ष जाईल.

तुमच्या स्वतःच्या टिपणवहीच्या पहिल्या पानावर पाच गोष्टी लिहा: पॅरिश कोणती, काउंटी कोणती, कोणत्या बिशपच्या अखत्यारीत, १८३७ नंतर कोणत्या नोंदणी जिल्ह्यात, आणि १८३४ नंतर कोणत्या गरीबगृहाच्या (अनेक पॅरिशनी मिळून गरिबांसाठी चालवलेल्या घराच्या) संघात. ईमपुरतं उत्तर असं: डर्बीशर, १८८४ पर्यंत लिचफील्डचा बिशप, नोंदणी आणि गरीबगृह दोन्ही बेकवेलला. ही माहिती ‘जेन्युकी’ या मोफत संकेतस्थळावर पॅरिशवार मिळते. ‘फॅमिलीसर्च’वर १८५१ च्या हद्दी दाखवणारा नकाशा आहे, त्यात शेजारच्या पॅरिशही दिसतात. त्यांची नावंही उतरवून घ्या, कारण मुली लग्न करून जात त्या बहुधा तिथेच.

आणखी एक गाठ. १८९४ नंतर ‘पॅरिश कौन्सिल’ नावाची गावपंचायत वेगळी झाली, आणि चर्चची पॅरिश व पंचायतीची पॅरिश यांच्या हद्दी हळूहळू फाकत गेल्या. आजची पाटी पाहून जुनी हद्द ठरवू नका.

पॅरिश समजली की एक प्रश्न कायम हाताशी ठेवा: हा कागद लिहिला कोणी, आणि कोणाकडून काय वसूल करायला? इंग्लंडमधल्या खेड्याचा जवळजवळ प्रत्येक जुना कागद पैशासाठी लिहिलेला आहे. पुढच्या माणसाला आपली आठवण राहावी म्हणून लिहिलेले कागद बोटांवर मोजण्याइतके. वसुलीचं कारण कळलं की कागदात कोण असेल आणि कोण नसेल हेही कळतं.

आजपासून मागे, एक एक पाऊल

सुरुवात जिवंत माणसांपासून. सासूबाईंच्या कपाटातला दाखल्यांचा लिफाफा, बायबलच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या जन्मतारखा, फोटोंच्या पाठी. इंग्रज माणसं घरच्या गोष्टी चटकन सांगत नाहीत, पण समोर फोटो ठेवून ‘ही कोण?’ विचारलं की बोलतात.

मग सरकारी दाखले. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून. सूची फुकट पाहता येते. जनरल रजिस्टर ऑफिसच्या सूचीत जन्माच्या नोंदीपुढे आईचं माहेरचं आडनावही असतं. दोन जॉनमधला आपला कोणता हे ठरवायला त्याच्याइतकं उपयोगी काही नाही. मात्र १८७५ पर्यंत जन्म नोंदवला नाही म्हणून आईबापांना दंड होत नसे, त्यामुळे सुरुवातीच्या काळात बरीच मुलं निसटली आहेत.

खानेसुमारी दर दहा वर्षांनी. घरातल्या माणसांची नावं १८४१ पासून मिळतात आणि १९२१ पर्यंतची सगळ्यांना खुली आहे. १९३१ ची आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. त्या पोकळीत १९३९ चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू होताच सरकारने केलेली माणसांची यादी, कामाला येतं. १८४१ च्या खानेसुमारीत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली ओढली आहेत: चोवीसचा माणूस वीस होतो. शिवाय जन्मगाव दिलेलं नाही, फक्त याच काउंटीत जन्मला की नाही एवढंच. म्हणून खरी किल्ली १८५१. त्यात प्रत्येकापुढे जन्माची पॅरिश आहे. तुमचा माणूस १८५१ पर्यंत जगला असेल तर निम्मं काम झालं.

खेड्यात घरांना नंबर नसत. गणक ज्या वाटेने चालला त्या क्रमाने घरं येतात, एवढंच हाती असतं. गुत्ता, चर्चचं घर, गिरणी यांच्या जागा बदलत नाहीत. त्यांच्यामध्ये खुंटी मारून मधली घरं मोजायची.

चर्चची नोंदवही

१८३७ च्या मागे गेलात की सरकार संपतं आणि चर्च सुरू होतं. १५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला की प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह, दफन लिहून ठेवावं. लोकांचा पहिला संशय काय असेल? नवीन कर येणार. तेव्हा आला नाही, पण १७८३ मध्ये खरंच आला: प्रत्येक नोंदीमागे तीन पेन्स, गरिबांना माफ. तो लागू व्हायच्या आदल्या आठवड्यांत कित्येक चर्चांमध्ये एकेका घरची तीन-चार मुलं एकाच दिवशी बाप्तिस्म्याला आणलेली दिसतात, आणि १७९४ मध्ये कर उठेपर्यंत ‘गरीब’ म्हणवून घेणाऱ्यांची संख्या वाढलेली. त्या वर्षांत तुमचा पूर्वज वहीत गरीब दिसला तर लगेच हळहळू नका.

सगळ्या वह्या १५३८ पासून शिल्लक नाहीत. ईमची १६३० पासून आहे. १५९८ पासून दरवर्षी एक प्रत बिशपकडे पाठवायची असे. मूळ वही उंदरांनी खाल्ली, भिजली, हरवली तर ती प्रत शोधायची. १६४० आणि ५० च्या दशकांत यादवी युद्ध आणि नंतरचं राजाविना राज्य यांमुळे नोंदी विस्कळीत झाल्या. तिथे भोक पडलं तर दोष तुमच्या शोधण्यात नाही.

आता सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट. १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये नवं वर्ष २५ मार्चला लागत असे. चैत्रात वर्ष बदलणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये, पण वही वाचताना घोटाळा होतोच. ईमचंच उदाहरण घ्या. सांगतात असं की १६६५ च्या उन्हाळ्याच्या शेवटी लंडनहून एका शिंप्याच्या घरी कापड आलं, त्यात पिसवा होत्या, आणि ७ सप्टेंबरला जॉर्ज व्हिकर्स या शिंपीकाम करणाऱ्या माणसाचं दफन झालं. प्लेगचा पहिला बळी. पण नोंदवहीत ‘जानेवारी १६६५’ आणि ‘फेब्रुवारी १६६५’ असेही मृत्यू आहेत. नवखा माणूस म्हणतो, म्हणजे प्लेग कापडाच्या आधीच आला होता! तसं नाही. त्यांचा जानेवारी १६६५ डिसेंबर १६६५ च्या नंतर येतो. आपल्या हिशेबाने तो १६६६. अशी तारीख १६६५/६ अशी दोन्ही सालं देऊन लिहायची पद्धत आहे. पहिल्या दिवसापासून तीच सवय लावा. १७५२ मध्ये कॅलेंडर बदललं तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. मधल्या अकरा तारखांना इंग्लंडमध्ये कोणी जन्मलं नाही की मेलं नाही.

वहीचा मजकूर काळानुसार वाढत जातो. आधी नुसतं ‘जॉनचा मुलगा थॉमस’, तेही लॅटिनमध्ये असू शकतं. मार्च १७५४ पासून विवाहाला छापील नमुना आणि नवराबायकोच्या सह्या. फुलीच्या जागी सही दिसली की तेवढ्यावरून घराबद्दल किती कळतं! १८१३ पासून बाप्तिस्म्याला बापाचा धंदा आणि राहण्याची वाडी, दफनाला वय. सोळाव्या-सतराव्या शतकातलं वळणदार हस्ताक्षर पहिल्यांदा पाहिलं की धडकी भरते. ज्यांनी मोडी शिकायचा प्रयत्न केलाय त्यांना ही भावना ओळखीची असेल, उपायही तोच: रोज दहा ओळी. नॅशनल आर्काइव्ह्जच्या संकेतस्थळावर मोफत धडे आहेत.

आणि माणूस वहीत नसेल तर? तो बहुधा राजमान्य चर्चचा नसेल. मेथडिस्ट, क्वेकर, कॅथलिक यांच्या नोंदी वेगळ्या. खाणकामगारांच्या या डोंगरात मेथडिस्ट पुष्कळ. दफन मात्र बऱ्याचदा पॅरिशच्याच जागेत होई, म्हणून बाप्तिस्मा नाही पण दफन आहे, असं दिसलं तर मेथडिस्टांच्या वह्यांकडे वळा.

तीन कुलपांची पेटी

नोंदवही म्हणजे पॅरिशच्या कागदांचा वरचा थर. खरा माल पेटीत. जुन्या चर्चमध्ये एका कोपऱ्यात लाकडी, लोखंडी पट्ट्यांची पेटी अजून दिसते. तिला तीन कुलपं: एक किल्ली धर्मगुरूकडे, दोन चर्चच्या कारभाऱ्यांकडे. तिघं जमल्याशिवाय उघडायची नाही. एकमेकांवर किती विश्वास होता ते यावरून समजावं. कागद आता काउंटीच्या अभिलेखागारात असतात, ईमचे मॅटलॉकला, पण लोक अजून त्यांना पेटीतले कागदच म्हणतात.

यातले सगळ्यात बोलके कागद गरिबांचे. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशने आपले गरीब पोसायचे ठरलं, आणि १६६२ च्या व त्यानंतरच्या कायद्यांनी ‘आपले’ म्हणजे कोण याची व्याख्या केली. बापाचा हक्क मुलाला, नवऱ्याचा बायकोला. लग्न न झालेल्या माणसाने एका पॅरिशमध्ये पूर्ण वर्ष चाकरी केली तर तिथला हक्क मिळे. मग मालक काय करत? एक्कावन्न आठवड्यांसाठी गडी ठेवत. वर्ष भरायच्या आत हिशेब चुकता, गडी मोकळा, पॅरिश सुरक्षित.

परका माणूस आजारी पडला, कामावरून सुटला की त्याला दोन न्यायाधिकाऱ्यांपुढे उभं करून विचारत: कुठे जन्मलास, कोणाकडे राबलास, किती दिवस, किती पगारावर, लग्न कुठे केलंस. उत्तरं लिहून घेत. हे जबाब म्हणजे स्वतःचं नाव लिहिता न येणाऱ्या माणसांची आत्मचरित्रं आहेत. राजेरजवाड्यांची चरित्रं पुष्कळ सापडतात, पण एखादी मोलकरीण चौदाव्या वर्षापासून कुठे कुठे राबली ते अशा जबाबातच मिळतं. जबाबानंतर हुकूम निघे आणि माणसाला गाडीत घालून ‘त्याच्या’ पॅरिशमध्ये पोचवत. पोटुशी, बिनलग्नाची बाई असेल तर घाई जास्त, कारण तिचं मूल जिथे जन्मेल तिथलं होई. प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या बाईला हद्दीपलीकडे नेऊन सोडल्याच्या कथा इंग्लंडभर आहेत. मुलाचा बाप कोण हे तिच्याकडून वदवून घेऊन त्याच्याकडून खर्चाचा करार लिहून घेत. बाप्तिस्म्याच्या वहीत बापाची जागा कोरी असली तर त्याचं नाव पुष्कळदा या करारात मिळतं. इथेही कारण पैसाच.

गरीबनिधीच्या हिशेबवह्या चाळा. बुटांची जोडी, कोळसा, शवपेटी, दाईची फी. एखाद्या विधवेच्या नावापुढे आठवड्याला एक शिलिंग बरीच वर्षं येतो आणि एका आठवड्यात थांबतो. मग दफनाच्या वहीत ती तारीख पाहायची.

१८३४ नंतर हे काम अनेक पॅरिशच्या संघाकडे आणि त्यांच्या गरीबगृहाकडे गेलं. कागद वाढले, माणसं पुसट झाली.

मृत्युपत्रं, आणि घरातली भांडी

१८५८ च्या जानेवारीपर्यंत मृत्युपत्र चर्चच्या न्यायालयात मंजूर होई, म्हणून सुरुवातीला बिशप कोण ते लिहून ठेवायला सांगितलं. ईम डर्बीशरमध्ये असलं तरी तिथल्या शेतकऱ्याचं मृत्युपत्र डर्बीत शोधायचं नाही. लिचफील्डचे कागद आता स्टॅफर्डला आहेत आणि त्यांच्या प्रतिमा ऑनलाइनही पाहता येतात. गरिबाने काय मृत्युपत्र करायचं, असं समजू नका. दोन गाई आणि एक पितळी हंडा असलेली माणसंही करत. विवाहित बाईची मालमत्ता नवऱ्याची समजली जाई, त्यामुळे १८८२ पर्यंत बायकांची मृत्युपत्रं बहुधा विधवांची किंवा अविवाहितांची.

मृत्युपत्राला जोडलेली मालमत्तेची यादी मिळाली तर दिवस सार्थकी लागतो. साधारण १७५० पर्यंत त्या सापडतात. दोन-चार शेजारी मेलेल्याच्या घरात खोलीखोलीतून फिरून लिहीत: बैठकीत टेबल आणि बाक, माडीवर पलंग, दुभत्याच्या खोलीत चीज, गोठ्यात जनावरं, प्रत्येकापुढे किंमत. भिंती आणि खोल्या आजही तशाच असलेलं घर तुम्ही राहायला घेतलं असेल तर यादी हातात घेऊन फिरून पाहा.

जमीन, आणि जमिनीखालचं शिसं

१८३६ मध्ये कायदा झाला की दशमांश धान्यात न देता रोखीत द्यायचा. त्यासाठी कोणाचं किती शेत ते मोजावं लागलं, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बहुतेक पॅरिशचे शेतन् शेत दाखवणारे नकाशे तयार झाले. प्रत्येक तुकड्याला नंबर, सोबतच्या यादीत मालक, कसणारा, शेताचं नाव, लागवड, क्षेत्र, आकार. आपल्याला समजवायला नको: हा सातबाराच. शेतांची नावं पाहून मजा येते: ‘लांबट तुकडा’, ‘वरचा माळ’ अशीच असतात. जिथे माळरानं वाटून कुंपण घालण्याचे निवाडे आधीच झाले आणि दशमांशही तेव्हाच मिटवला, तिथे हा नकाशा सापडत नाही. तो निवाडाच पाहायचा. सरकारी प्रत लंडनमध्ये क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जला. याच्या शेजारी ऑर्डनन्स सर्वे या सरकारी नकाशे खात्याचे जुने नकाशे ठेवा. ते स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत आणि आजच्या उपग्रहचित्रावर पसरूनही पाहता येतात.

ईमला जमिनीवरच्या पिकापेक्षा जमिनीखालचं पीक मोठं होतं. डर्बीशरच्या या भागात जुना रिवाज असा की चर्चचं आवार, बाग, रस्ता असली ठिकाणं सोडून कोणीही कोणाच्याही जमिनीत शिसं शोधावं. सापडलेलं खनिज लाकडी मापाने मोजायचं आणि तेरावं माप राजाला किंवा त्याच्याकडून हक्क घेतलेल्याला द्यायचं. भांडणं ‘बारमोट’ नावाच्या खाणन्यायालयात. वर्क्सवर्थला ते अजून भरतं. खनिजावर धर्मगुरूचाही हक्क होता, म्हणून अठराव्या शतकात ईमच्या उत्तरेच्या कड्याखालची शिशाची शीर लागली तेव्हा तिथल्या रेक्टरचं, म्हणजे पॅरिशच्या धर्मगुरूचं, उत्पन्न चांगलंच फुगलं. तुमचा पूर्वज खाणवाला असेल तर या न्यायालयाची आणि मोजदादीची दप्तरं विसरू नका.

प्रत्येक पॅरिशचं असं एखादं शिसं असतं. कुठे लोकर, कुठे मीठ, कुठे मासे. ते ओळखा, कारण गावातल्या वसुलीचे बरेच कागद त्याच्याभोवती सापडतात.

गावाची गोष्ट आणि गावाचे कागद

ईमची गोष्ट इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांनाही माहीत आहे. १६६६ च्या जूनमध्ये रेक्टर विल्यम मॉम्पेसन आणि १६६२ मध्ये मतभेदामुळे पदावरून दूर झालेला जुना धर्मगुरू थॉमस स्टॅन्ली, हे दोघं वैर बाजूला ठेवून एकत्र आले आणि गावाने स्वतःला कोंडून घ्यायचं ठरवलं. कोणी हद्द ओलांडायची नाही. बाहेरचे लोक हद्दीवरच्या दगडांपाशी अन्न ठेवत, पैसे व्हिनेगरच्या खळग्यात ठेवलेले असत. चर्च बंद, प्रार्थना बाहेर दरीत. प्रत्येक घराने आपलं माणूस आपणच पुरायचं. २५ ऑगस्टला मॉम्पेसनची बायको कॅथरीन गेली. तिची कबर चर्चच्या आवारात आहे. नोव्हेंबरमध्ये साथ थांबली तेव्हा सुमारे २६० माणसं गेली होती.

गोष्ट मोठीच आहे. पण अभ्यासाला बसलात की गोष्टीलाही तोच प्रश्न विचारायचा: कागद कोणता? प्लेगच्या वर्षांची आज असलेली नोंदवही ही मूळ नाही, नंतर उतरवून काढलेली प्रत आहे. ‘गावात ३५० माणसं होती’ असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. म्हणजे चारातली तीन गेली. मग अभ्यासकांनी चूल-कराच्या याद्या काढल्या. १६६२ पासून प्रत्येक चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग कर होता, आणि १६६४ ची डर्बीशरची यादी शिल्लक आहे. चुली, घरं आणि नोंदवहीतली नावं जुळवल्यावर लोकसंख्या निघाली सुमारे ७००. म्हणजे साधारण तिसरा हिस्सा गेला आणि बरीच माणसं वाचली. प्रसंगाचं दुःख यानं कमी होत नाही, पण ‘ईमच्या प्लेगमधून वाचलेल्यांचे आम्ही वंशज’ म्हणणाऱ्यांची संख्या जास्त का, हे मात्र कळतं. चुली मोजणाऱ्याला प्लेगचं काही पडलं नव्हतं, म्हणून तर त्याची यादी भरवशाची.

आणि कागद वाचून झाला की पायी जा. नोंदवहीत १६६६ च्या ऑगस्टच्या सुरुवातीला हॅन्कॉक आडनाव ओळीने येतं. आठ दिवसांत सात जण, नवरा आणि सहा मुलं. पडद्यावर ती यादी आहे. गावाबाहेर राइलीच्या टेकडीवर चढलात की त्यांचे दगड शेतात, चर्चपासून लांब, एका गोल भिंतीच्या आत उभे दिसतात. एलिझाबेथ हॅन्कॉकने सातही जणांना स्वतः पुरलं असं सांगतात. चढ किती आहे ते पायांना कळल्याशिवाय त्या ओळी वाचून झाल्या असं म्हणू नये.

अभिलेखागारात जाताना

आधी वेळ घ्या, ओळखपत्र न्या, कागदांचे क्रमांक संकेतस्थळावरच्या सूचीतून काढून ठेवा. आत फक्त पेन्सिल. फोटो काढायला बहुतेक ठिकाणी थोडे पैसे भरून परवाना मिळतो. प्रत्येक फोटोच्या आधी कागदाच्या क्रमांकाच्या चिठ्ठीचा फोटो काढा; मी दोनशे फोटो काढून घरी आले आणि कुठला कशातला ते मला आजतागायत सांगता आलेलं नाही. टेबलामागच्या माणसाला संकोच न करता विचारा. आपला उच्चार, आपलं नाव यावरून कोणी भुवई उंचावत नाही, उलट ‘तुम्हाला आमच्या खेड्यात कसा रस?’ म्हणून खुर्ची ओढून बसतात. स्थानिक इतिहास मंडळाची वर्गणी किरकोळ असते. तिथली म्हातारी माणसं ज्या गोष्टी सांगतात त्या कुठल्याच सूचीत नाहीत.

मोफत संकेतस्थळांपैकी फ्रीरेग नोंदवह्यांसाठी, फ्रीसेन खानेसुमारीसाठी, फ्रीबीएमडी सरकारी सूचीसाठी. स्वयंसेवकांनी वाचून भरलेली असल्याने चुका असतात. उताऱ्यावर थांबू नका, मूळ पानाची प्रतिमा पाहाच. दुसऱ्याने ऑनलाइन चढवलेली वंशावळ तर फक्त इशारा म्हणून वापरा; माझा चुकीचा जॉन अजून चार झाडांवर लटकलेला आहे.

पुण्याकडून उलटं

काहींचा प्रवास दुसऱ्या टोकाने सुरू होतो. पुणे, खडकी, महाबळेश्वर इथल्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींत एखादा दगड वाचला जातो आणि वाटतं, हा कुठल्या खेड्यातला? बॉम्बे प्रेसिडेन्सीतल्या चर्चांच्या बाप्तिस्मा, विवाह, दफनाच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत आणि ऑनलाइनही पाहता येतात. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या ‘फिबिस’ या संस्थेची सूची फुकट आहे, सुरुवात तिथून करा. दफनाच्या नोंदीत गावाचं नाव बहुधा नसतं, पलटण असते. सैनिक पेन्शन घेऊन निघाला असेल तर क्यूच्या ‘डब्ल्यूओ ९७’ मालिकेतल्या त्याच्या कागदावर ‘अमुक शहराजवळच्या तमुक पॅरिशमध्ये जन्म’ असं थेट लिहिलेलं असतं. जो हिंदुस्थानातच मेला त्याचा तसा कागद सहसा नसतो. त्याच्यासाठी पलटणीच्या हजेरीपटांत शिरावं लागतं, आणि कंपनी सरकारचा शिपाई असेल तर पुन्हा ब्रिटिश लायब्ररीतच.

दगड वाचायला सकाळी किंवा संध्याकाळी जा, उन्हं तिरपी असताना झिजलेली अक्षरं उठून दिसतात. खडू किंवा पीठ चोळू नका, दगड खराब होतो. आडनाव जसं कोरलंय तसंच उतरवून घ्या, आपल्याला चुकीचं वाटलं तरी. तिकडे पॅरिशच्या कारकुनानेही ते तसंच लिहिलेलं असू शकतं.